जुन्या युकुलेलेचा जीर्णोद्धार

देवळाच्या जीर्णोद्धाराविषयी आपण पुष्कळ ऐकतो. वाद्याचाही जीर्णोद्धार करता येतो, आणि तो करताना उत्साहाच्या भरात जुन्याचा नाश होण्याचे भय तितकेच असते, ही गोष्ट मात्र आम्हांस गेल्या वर्षी एका लहानशा वाद्याने शिकविली. त्या शिक्षणाची हकीकत विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

पावसाळा तोंडावर आला असता शाळेजवळच्या एका जुन्या घराची कौले परतण्याचे काम निघाले. माळ्यावरचे सामान खाली आले, तेव्हा घरातील वृद्ध आजींनी काही पुस्तके व एक धुळीने माखलेली लाकडी पेटी शाळेकडे पाठविली. पेटीत गिटारीचे पिल्लू शोभावे असे, जेमतेम एकवीस इंच लांबीचे वाद्य होते. तार एकही नव्हती. आजींचे वडील तारवटी. बोटीवरील वाद्यवृंदात ते व्हायोलिन वाजवीत, आणि हे वाद्य त्यांनी कोठल्याशा बंदरातून आणले होते. आजींचा निरोप एवढाच होता की, वाजण्याजोगे झाले तर एकदा ऐकवा.

आम्ही ते पुसले, बाजारातून पोलादी तारा आणल्या व त्याच सायंकाळी चढविल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो, ज्या लाकडी घोडीस तारा बांधल्या होत्या ती एका बाजूने उचकटलेली, आणि तिच्याखालच्या तबलीस बोटभर लांबीची चीर पडलेली! इतकी वर्षे माळ्यावर निभावलेले वाद्य आमच्या हाती एका रात्रीत मोडले. आजींस काय सांगावे, हा प्रश्न होता. मग, जे आधी करावयास हवे होते ते आम्ही नंतर केले. म्हणजे, हे वाद्य आहे तरी काय, याचा अभ्यास आरंभिला.

युकुलेले हे हवाई बेटांचे वाद्य म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदैरा बेटात आहे. 1879 च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्स्क्रॅग’ हे जहाज मदैराहून चारशेहून अधिक माणसे घेऊन होनोलुलूस पोहोचले. ती उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी आली होती. त्यांत मानुएल नुनेस, आवगुस्तु दियश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु हे तिघे लाकूडकामाचे कारागीर होते. मदैरात ‘माशेत’ नावाचे चार तारांचे आणि ‘राजांव’ नावाचे पाच तारांचे वाद्य वाजवीत. पहिल्याचा आकार व दुसऱ्याची सुरावट एकत्र येऊन हवाईत नवे वाद्य घडले. राजा कालाकावा याने त्यास दरबारी आश्रय दिला. हवाईच्या भाषेत ‘उकु’ म्हणजे पिसू व ‘लेले’ म्हणजे उडी; तारांवर चपळाईने नाचणाऱ्या बोटांवरून हे नाव पडले असे सांगतात. पुढे 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी ते वाजविले, आणि सारी अमेरिका त्याच्या नादी लागली. त्यानंतरच्या दशकात ते असंख्य कारखान्यांतून बाहेर पडले व बोटींबरोबर बंदरोबंदरी गेले. जी पोर्तुगीज राजवट मदैरात होती तीच आमच्या गोव्यातही होती. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेले हे वाद्य एका अर्थी आमच्या ओळखीचेच निघाले.

उत्तम जुनी युकुलेले ‘कोआ’ नावाच्या हवाईतील झाडाच्या लाकडाची असतात. गोव्याच्या माळरानांवर जो ऑस्ट्रेलियन अकेशिया लावलेला आपण पाहतो, त्याच्याच कुळातले हे झाड. पाने तशीच कोयत्यासारखी वाकडी. अमेरिकेतील कारखान्यांनी महागनीही पुष्कळ वापरली. आमचे वाद्य महागनीचे ठरले. आत चिठ्ठी किंवा शिक्का काही नव्हते. म्हणून ते अमुक कर्त्याचे असे आम्ही म्हणत नाही.

आता आमची चूक कोठे झाली ते पाहू. या वाद्याची तबली जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची असते. ती पातळ असते म्हणूनच एवढ्याशा वाद्यातून आवाज उठतो. त्या काळी त्यावर आतड्याच्या तारा लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा नायलॉनने घेतली. या तारांची ओढ सौम्य असते. पोलादी तारांची ओढ तिच्याहून अधिक असते, आणि ती सोसण्यासाठी ही तबली केलेलीच नसते. वाद्य कच्चे नव्हते. आमचे ज्ञान कच्चे होते.

व्हायोलिने दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मेस्तांकडे आम्ही ते नेले. बाटलीतला पांढरा डिंक लावून घोडी दाबून बसवावी, हा आमचा बेत ऐकून त्यांनी मान हलविली. जुन्या वाद्यास सरसच हवा, असे ते म्हणाले. सरस जनावराच्या कातड्यापासून करतात. सुकल्यावर तो दगडासारखा घट्ट धरतो. परंतु ऊब व ओलावा दिला की सुटतो. आणखी पन्नास वर्षांनी कोणास हा सांधा उघडावा लागला, तर लाकूड न तोडता उघडता येईल. आधुनिक डिंकाचा सांधा उघडताना बहुधा लाकडाचे सालपट निघते. आपल्यामागून येणाऱ्या कारागिराचा मार्ग बंद करू नये, हे या विद्येचे पहिले सूत्र होय.

मेस्तांनी प्रथम लहान आरसा व विजेरी यांच्या साहाय्याने वाद्याचे पोट तपासले. मग बोटाच्या पेराने तबलीवर टिचक्या मारल्या. जेथे आवाज खुळखुळला तेथे आतली आधारपट्टी सुटलेली होती. एका भांड्यात पाणी तापवून त्यात सरसाचे भांडे ठेवले, कारण सरस उकळू द्यावयाचा नसतो. सुमारे साठ अंश उष्णता पुरते. चिरेत सरस भरून आतून लाकडाच्या पातळ चकत्या चिकटविल्या. चकतीचे रेषे चिरेला आडवे ठेवले, म्हणजे चीर पुढे धावत नाही. आधारपट्टी व घोडी बसवून शिकंज्याने एक दिवस दाबून ठेविली. खुंट्या घसरत होत्या. त्यांस आपल्या तंबोऱ्याच्या खुंट्यांप्रमाणेच खडू लावला.

तबलीवर, जेथे नखे तारांवरून फिरतात तेथे, पॉलिश झिजून लाकूड उघडे पडले होते. नववीच्या मुलांनी काचकागद व लाखेचे पॉलिश आणून ठेविले होते. वाद्य नव्यासारखे चकचकीत करावे असा त्यांचा आग्रह होता. आम्हांसही मोह झाला. मेस्त म्हणाले, “हा डाग नव्हे मास्तर, हा वाजविणाऱ्याचा हात आहे. तो पुसलात तर उरेल ते नुसते लाकूड.” पॉलिश तसेच परत गेले.

शेवटी नायलॉनच्या तारा चढविल्या. त्या जी, सी, ई, ए अशा लावतात. सी हा षड्ज धरला तर प, सा, ग, ध. मौज अशी की, पहिला पंचम षड्जाच्या खालचा नसून वरचा असतो, त्यामुळे चारही सूर एकाच सप्तकात दाटीने बसतात व छेडताच खळाळून हसल्यासारखे वाटतात. नव्या तारा काही दिवस ताणत राहिल्या. रोज लावाव्या लागल्या.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ते घेऊन आम्ही आजींकडे गेलो. घोडीची हकीकत आम्ही लपविली नाही. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि काही न बोलता वाद्य मांडीवर घेतले. त्यांचे बोट फिरत फिरत त्या झिजलेल्या जागेवर येऊन थांबले. मग त्या म्हणाल्या, “हे ठेवलंत ते बरं केलंत.” आमच्या एका विद्यार्थिनीने चार सूर छेडले. ते संपल्यावर आजींनी पुन्हा छेडावयास सांगितले.

वाद्य आता शाळेत आहे. पावसाळ्यात दमट हवेने सरस सैल पडू नये म्हणून ते बंद पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवितो. तबलीवरची चीर जवळून पाहिल्यास दिसते. तीही आम्ही झाकलेली नाही. झिजलेली जागा त्या तारवट्याची, चीर आमची. पुढे ज्याच्या हाती हे वाद्य जाईल, त्यास दोन्ही दिसाव्यात.