चेंडू झेलायला शिकवायचंय? आधी फुगा घ्या!

तीन वर्षांच्या मुलाकडे चेंडू टाकला की ते डोळे मिटून मान वळवतं. आपण म्हणतो, "अरे, नीट बघ ना!" पण त्याला तो वेगच झेपत नसतो. फुगा सावकाश खाली येतो, नजरेला त्याच्यामागे जायला वेळ मिळतो आणि नाकावर आदळला तरी लागत नाही. (फुटला तर तुकडे लगेच उचला, घशात अडकू शकतात.)

मग मोज्यांचा चेंडू. जुने मोजे एकात एक कोंबले की झालं! तो उसळत नाही, पलंगाखाली पळत नाही, बोटांत छान बसतो. ३-४ वर्षांची मुलं चेंडू छातीशी कवटाळतात. ती चूक नाही, पायरी आहे. नुसत्या पंजांनी झेलणं साधारण ५-६ व्या वर्षी जमू लागतं.

नेम धरायला मात्र लगोरीच! ठिकऱ्या नसतील तर रिकामे प्लास्टिकचे डबे रचा, दोन पावलांवरून सुरुवात करा. उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी डावं पाऊल खडूने जमिनीवर काढून ठेवा. सूचना द्यावीच लागत नाही, मूल आपणहून त्यावर पाय ठेवून फेकतं. आणि पडलेली लगोरी रचायचा मान त्याचाच!