रिसोडची लाट आणि क्वाडचा शब्द

फेब्रुवारी 2021च्या शेवटच्या आठवड्यात वाशिम जिल्हा राज्यभर गाजला. 23 तारखेला तत्कालीन वनमंत्री येणार म्हणून पोहरादेवीला तोबा गर्दी उसळली. पाठोपाठ रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत 229 विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. त्यातली बरीचशी मुलं अमरावती-यवतमाळकडची. दुसऱ्या लाटेची वर्दी वऱ्हाडाने अशी आधीच दिली होती.

ती ऐकली कुणी? 12 मार्चला भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या ‘क्वाड’च्या नेत्यांनी ऑनलाइन बैठकीत शब्द दिला: 2022 अखेरपर्यंत हिंद-प्रशांत टापूसाठी लशीचे 100 कोटी डोस. कारखाना हैदराबादच्या ‘बायोलॉजिकल ई’चा, पैशाचं बळ अमेरिका-जपानचं, आणि लस शेवटच्या माणसापर्यंत पोचवण्यात ऑस्ट्रेलियाचा हातभार. हे शेवटचं काम कागदावर किरकोळ दिसतं. उदाहरणार्थ, ‘कोविशिल्ड’ लशीच्या कुपीत दहा डोस असत. फोडली की चार तासांत संपवावी लागे. केंद्रावर नऊच जण आले, तर दहाव्याला शेतातून बोलावून आणायचं कुणी? अर्थात आशाताईंनी.

क्वाडच्या या आखणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: ज्या देशात कारखाना, त्या देशात लाट येणार नाही. ती आली. मार्चअखेर भारताने निर्यातीत हात आखडता घेतला. 16 एप्रिलला पुण्याच्या ‘सीरम’चे अदर पूनावाला कच्च्या मालावरचे निर्बंध उठवा म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांना चक्क ट्विटरवरून विनवत होते. पडद्यावर का होईना, महिन्यापूर्वीच गळ्यात गळे घातलेल्या दोस्तांची ही गत! 25 एप्रिलला अमेरिकेने माल द्यायचं कबूल केलं. मे महिन्यात तर महाराष्ट्राला 18 ते 44 वयोगटाचं लसीकरणच थांबवावं लागलं, डोसच नव्हते. अशा वेळी घरच्या रांगेतल्या माणसाला ‘आधी शेजाऱ्याला देऊ’ असं कोणतं सरकार सांगेल? मला यात लबाडी दिसत नाही. पण घरी आग लागली तर दिलेल्या शब्दाचं काय, हे कलम आधीच लिहायला हवं होतं.

क्वाडच्या नावाने कंबोडियाला सव्वातीन लाख कोविशिल्ड पोचले, तोवर एप्रिल 2022 उजाडला होता.

सप्टेंबर 2024मध्ये विल्मिंग्टनच्या बैठकीत क्वाडने गर्भाशयमुखाचा कर्करोग हाती घेतला आणि भारताने 4 कोटी लशींचा शब्द दिला. हा आजार लाटेने येत नाही. त्यामुळे हा शब्द पाळला जाण्याची आशा जरा बरी आहे.