पावसाळ्यात मधपेटीला साखरेचा पाक : घरच्या बरणीचा फीडर कसा करायचा

मधमाशीच्या नावाची एक पूर्ण सूरह कुरआन शरीफमध्ये आहे, सूरह नहल, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतं. तिच्या ६८ आणि ६९ व्या आयतीत माशीच्या घरांच्या तीन जागा येतात : डोंगर, झाडं आणि माणसं उभारतात ती ठिकाणं. मधात शिफा आहे हेही तिथंच येतं आणि ते आपण नेहमी सांगतो. पण तिसऱ्या जागी, म्हणजे आपण ठेवलेल्या लाकडी पेटीत, राहणारी माशी कधी उपाशी असते याचा विचार फारसा होत नाही.

आपल्या अड्याळ-पवनी भागात ती पावसाळ्यात उपाशी असते. हिवाळ्यात जवस, मोहरी, तूर असते, पुढे पळस, करंज, जांभूळ फुलतात. रोवणी सुरू झाली की चहूकडे हिरवंगार, पण ती हिरवळ धानाची. धानाच्या फुलात मकरंद नसतो. त्यात झड लागली की माशीला चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही. आपली देशी सातेरी माशी अशा वेळी मरेपर्यंत थांबत नाही, पेटी सोडून निघून जाते. सकाळी झाकण उघडावं तर आत रिकाम्या पोळ्या. म्हणून जुलै ते सप्टेंबर पाक द्यावा लागतो.

गरज आहे की नाही ते आधी बघा. पेटी मागच्या बाजूनं थोडी उचलली की वजन कळतं. चौकटींच्या वरच्या भागात मेणानं बंद केलेला मध दिसत असेल तर पाक देऊ नका.

पाक करणं सोपं आहे. एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि मग साखर विरघळवायची. साखर घालून पुन्हा उकळत ठेवू नका, जळकी साखर माशीला बाधते. गूळ तर नकोच, त्यानं माशांना हगवण लागते. आणि बाजारातला मध कितीही चांगला वाटला तरी पेटीत घालू नका, दुसऱ्या वसाहतीचा रोग त्यातून येतो. सातेरीच्या एका पेटीला आठवड्याला साधारण २०० ग्रॅम साखरेचा पाक पुरतो.

आता फीडर. विकत आणायची गरज नाही. पत्र्याच्या झाकणाची काचेची लहान बरणी घ्या. लोणच्याची असेल तर मीठ आणि तेलाचा वास जाईपर्यंत धुवा. झाकणाला बारीक खिळ्यानं सहा-आठ भोकं पाडा, एक मिलिमीटरच्या आसपास, त्याहून मोठी नकोत. बरणी काठोकाठ भरून बादलीवर उलटी धरा. चार-सहा थेंब पडतील आणि थांबतील. शाळेत पाण्याचा ग्लास पुठ्ठा लावून उलटा करतो ना, तोच प्रयोग : बाहेरच्या हवेचा दाब पाक धरून ठेवतो, माशी खालून जीभ लावून तेवढाच ओढते. थेंब थांबत नसतील तर भोकं मोठी झाली, झाकण बदला. मोठी बरणी अर्धी भरून ठेवू नका. दुपारी आतली हवा तापून फुगते आणि पाक खाली ढकलते, माशा चिकटून मरतात.

पेटीचं वरचं झाकण काढून शिशुकक्षावर एक रिकामा कप्पा ठेवा. चौकटींवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन काड्या आडव्या टाका, त्यावर बरणी उलटी ठेवा, झाकण बंद. काड्यांमुळे माशीला बरणीखाली फिरायला जागा मिळते. वसाहत लहान असेल तर नारळाची करवंटीही चालते. तिच्यात पाक ओतून वर वाळक्या काड्या टाकायच्या, नाहीतर माशा बुडतात.

पाक नेहमी संध्याकाळी द्यायचा, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी, आणि पेटीचं दार अरुंद करून. हे मी चूक करून शिकलो. एकदा भर दुपारी ताटलीत पाक ओतून पेट्यांजवळ ठेवला. तासाभरात बलवान पेटीच्या माशा कमजोर पेटीत घुसल्या आणि संध्याकाळपर्यंत दारासमोर मेलेल्या माशांचा थर. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. दोन-तीन दिवसांत पाक संपला नाही तर फेकून द्या, आंबतो.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती. माशी पाक नुसता पीत नाही, साठवतेही. तिच्या शरीरातल्या रसांनी साखरेचं रूप बदलतं, पंखांनी वारा घालून ती पाक आटवते आणि वर मेणाचं झाकण लावते. बघायला तो मधच. चवीवरूनही गिऱ्हाईक फसतं. काही जण हेच हेरून मधाच्या हंगामातही पाक चालू ठेवतात आणि बाटलीवर ‘शुद्ध मध’ लिहितात. हदीसमध्ये बाजारातल्या धान्याच्या ढिगाचा प्रसंग आहे : वरून कोरडा, हात घातला तर आत ओला, आणि रसूलुल्लाह (स.) यांनी त्या विक्रेत्याला खडसावलं. धान विकणाऱ्या आपल्या गावात ओल्या ढिगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाकाचा मध हा तोच ओला ढीग आहे. आपल्याकडे लोक मध शिफा म्हणून नेतात, आजाऱ्याला देतात.

म्हणून फुलोरा दिसू लागला की फीडर काढा आणि मधुकक्ष त्यानंतरच चढवा. शिशुकक्षातल्या चौकटींमधला साठा माशीचा, त्याला हात लावायचा नाही. पाकाच्या दिवसांत भरलेल्या चौकटीवर खडूनं खूण करून ठेवा, म्हणजे मध काढताना घोळ होत नाही.

पेटी नव्यानं घ्यायची असेल तर राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या भंडारा जिल्हा कार्यालयात मध केंद्र योजनेची चौकशी करा. या मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि तिथलंच मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. पेटी पावसाळा संपल्यावरच आणा, पहिल्याच महिन्यात पाकावर जगवायची वेळ येणार नाही.