ऊर्जेला नाव मिळेपर्यंत

‘अंगात बळ नाही’, ‘शक्तीच गेली’, ‘ऊर्जा उरली नाही’ ही तिन्ही वाक्ये बोलताना आपण बहुधा एकच गोष्ट सांगत असतो. भौतिकशास्त्रात मात्र बल, शक्ती आणि ऊर्जा या तीन निरनिराळ्या राशी आहेत, आणि त्यांतली बल आणि ऊर्जा वेगळी काढायला युरोपातल्या अव्वल बुद्धीच्या माणसांना जवळपास पावणेदोनशे वर्षे लागली. वेगळा शब्द मिळणे हे ऊर्जेचे मागाहून झालेले बारसे होते, असे सहसा मानले जाते. मला ते पटत नाही. तो शब्द स्थिरावणे हा शोधाचाच भाग होता.

वादाची सुरुवात १६८६ची. देकार्तच्या अनुयायांच्या मते गतिमान वस्तूचा जोर वस्तुमान गुणिले वेग इतका. लायब्निट्स म्हणाला, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. त्याने या राशीला ‘जिवंत बल’ म्हटले. पुढे हॉलंडमध्ये विलेम स्ग्रावेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीवर पाडून पाहिले: वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट होतो. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले हिने १७४०च्या आपल्या ग्रंथात लायब्निट्सची बाजू हिरिरीने मांडली. तरी वाद मिटेना, कारण दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते. बल किती वेळ लागले हे मोजले की संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, मिळतो. किती अंतरभर लागले हे मोजले की आज आपण जिला गतिज ऊर्जा म्हणतो ती मिळते. राशी दोन होत्या, आणि दोन्हींसाठी भांडणारे ‘बल’ हा एकच शब्द वापरत होते.

‘एनर्जी’ हा शब्द या अर्थाने थॉमस यंगने १८०७मध्ये छापला. त्याचे मूळ अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘एनर्गेइया’त आहे आणि त्याच्या पोटात ‘एर्गोन’, म्हणजे काम. पण पुढची चाळीसेक वर्षे त्याकडे फारसे कोणी वळले नाही. इथे आक्षेप येतो: हेल्महोल्ट्झने १८४७मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला तो ‘क्राफ्ट’, म्हणजे बल, या जुन्याच शब्दात, मग नावावाचून काय अडले? त्याचे अडले नाही, कारण त्याच्या हाती गणित होते, आणि तरीही त्याला ‘जिवंत बल’ व ‘ताणबल’ अशी विशेषणे जोडावी लागलीच. गणिताचा आधार नसलेल्या फॅरडेचे मात्र अडले. १८५७च्या व्याख्यानात त्याने विचारले, की बल अक्षय असेल तर अंतर घटताच गुरुत्वाकर्षण वाढते कसे, वाढीव बल येते कुठून? प्रश्न प्रामाणिक आणि खोल होता. घोटाळा शब्दाचा होता. बल अक्षय नसतेच, ऊर्जा असते. त्याच वर्षी मॅक्सवेलने त्याला पत्र लिहून वेगळ्या गोष्टींचे शब्द आपण वेगळे ठेवत नाही याची खंत व्यक्त केली. स्थितिज, म्हणजे वस्तूच्या स्थानामुळे साठून असलेल्या, ऊर्जेला रँकिनने १८५३मध्ये नाव दिले होते. ते रुळले आणि घोटाळा विरत गेला.

आपला ‘ऊर्जा’ हा शब्द दुसऱ्याच वाटेने आला. वैदिक भाषेत ‘ऊर्ज्’ म्हणजे पोसणारे अन्न, रस, त्यातून येणारा जोम. कार्तिक महिन्याचेही एक जुने नाव ‘ऊर्ज’. ग्रीक शब्द कामातून निघाला, आपला अन्नातून, आणि मला ही निवड फार समर्पक वाटते. कारण जर्मन वैद्य रॉबर्ट मायर अक्षय्यतेच्या नियमापर्यंत पोचला तो रक्त आणि अन्न यांच्याच विचारातून. १८४०मध्ये जावा बेटावर खलाशांच्या शिरांतले रक्त त्याला अधिक लाल दिसले. उष्ण हवेत शरीर ऊब राखायला कमी अन्न जाळते, असा अर्थ त्याने लावला आणि तिथून उष्णता व काम यांच्या नात्यावर तो आला.

रोजच्या बोलण्यात कोणी काय म्हणावे यावर पहारा कशाला, असे कोणी म्हणेल. बोलण्यावर नकोच, मुंबईच्या अणुशक्तिनगरचे नाव अणुऊर्जानगर करण्याची काही गरज नाही. पण विजेची बातमी लिहिताना गरज आहे. मेगावॅट ही शक्ती, म्हणजे ऊर्जा देण्याचा दर. बिलावरचे युनिट ही ऊर्जा, एका युनिटला ३६ लाख ज्यूल. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. तो वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालला तर सुमारे १,७१७ कोटी युनिट होतील. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि ते तिथल्या उंचीवरून पडून इतके युनिट देऊच शकत नाही. म्हणून ते राखून, विजेची मागणी चढते त्या वेळी वापरावे लागते. बातमीत नुसते मेगावॅट छापले तर वाचकाला हे कळायला मार्गच उरत नाही.