नेव्हिल डिसूझा अनवाणी खेळले नव्हते

भारतीय फुटबॉलचा विषय काढा, कुणीतरी लगेच सांगतंच, "आपले लोक अनवाणी खेळायचे, म्हणून तर वर्ल्ड कपला घेतलं नाही." आमच्या हसनाबादेत हे चहाच्या टपरीवर ऐकलंय, भोकरदनच्या एसटीत ऐकलंय, सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही याच स्वरूपात ठरलेले असतात. आता त्या गोष्टीला नवं शेपूट फुटलंय. नेव्हिल डिसूझा नावाच्या मुंबईच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये अनवाणी पायांनी तीन गोल मारले, मग फिफाने अनवाणी खेळायला बंदी घातली आणि भारत वर्ल्ड कपला मुकला, अशी ती कथा सांगितली जाते. ऐकणारे माना डोलावतात. मोठी माणसं मुलांना ती अभिमानाने सांगतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आधी फक्त वर्षं बघा. भारताने ज्या वर्ल्ड कपमधून माघार घेतली तो १९५० सालचा, ब्राझीलमधला. नेव्हिल डिसूझांची हॅटट्रिक १ डिसेंबर १९५६ ची, मेलबर्नमधली. सहा वर्षांनंतर मारलेल्या गोलांमुळे सहा वर्षांपूर्वीची स्पर्धा कशी हुकेल? एवढा एक प्रश्न विचारला असता, तरी ही कथा जागेवरच थांबली असती.

आता त्या अनवाणी पायांकडे वळू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, हे खरं आहे. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा त्या संघात बूट घातलेला एकच खेळाडू होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सशी तो सामना झाला. दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधून दिली आणि सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा गोल केला. आपण २-१ ने हरलो. बूट घातलेल्या युरोपीय संघाला अनवाणी खेळाडूंनी शेवटपर्यंत झुंजवलं, म्हणून इंग्रज प्रेक्षकांनी कौतुकही केलं. इथवरचा अभिमान रास्त आहे.

चूक त्यापुढे होते. १९४८ मध्ये आपले पाय बघून फिफाने अनवाणी खेळावर बंदी घातली आणि म्हणून १९५० ला आपण जाऊ शकलो नाही, असं सांगितलं जातं. तसं असतं तर १९५२ चं काय? हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचे अनेक खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले होते आणि त्यांना कुणी मैदानाबाहेर काढलं नाही. ऑलिंपिकचा फुटबॉलही फिफाच्याच नियमांनी खेळला जातो. १९५० साली ज्या कारणासाठी दार बंद झालं म्हणता, तेच कारण घेऊन दोन वर्षांनी आपण उघड्या दाराने आत गेलो, हे कसं जुळणार?

मग १९५० मध्ये घडलं काय? पात्रता गटातल्या बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स या तिघांनीही माघार घेतली, त्यामुळे भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. सोडतीत आपलं नाव इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आलं. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायची तयारी ब्राझीलच्या आयोजकांनी दाखवली होती. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने संघ पाठवला नाही. महासंघाने अधिकृतपणे दिलेली कारणं दोन: संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. बुटांचा त्यात उल्लेख नाही. ब्राझीलला गेले असते तर संघाचं नेतृत्व ज्यांच्याकडे असतं, ते शैलेन मन्ना यांनी पुढे आयुष्यभर सांगितलेली गोष्टही वेगळी नव्हती. त्या काळी आम्हा खेळाडूंना वर्ल्ड कपचं मोल ठाऊकच नव्हतं, आमच्यासाठी ऑलिंपिक हेच सर्वस्व होतं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बुटांची कथा जमेल तिथे पुढे ढकलणाऱ्यांनी निदान या माणसाचं तरी ऐकायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. त्या वर्ल्ड कपला न गेलेला भारत हा एकटाच देश नव्हता. स्कॉटलंड आणि तुर्कस्तान पात्र ठरूनही गेले नाहीत, फ्रान्सने जागा मिळूनही माघार घेतली. शेवटी सोळांऐवजी तेराच संघ खेळले. दुसऱ्या महायुद्धाला जेमतेम पाच वर्षं झाली होती, ब्राझील समुद्रापार लांब होतं, आणि वर्ल्ड कपला आजचं वजन आलेलं नव्हतं. आपल्या महासंघाने तेव्हा एक मोठी संधी सोडली, हा दोष त्या निर्णयाचाच. तो खेळाडूंच्या पायांवर ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

बुटांचा खरा धडा हेलसिंकीत मिळाला. थंडी होती, मैदान ओलं होतं आणि समोर युगोस्लाव्हिया होता. आपण १०-१ ने हरलो. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानातून अनवाणी पळून पाहिलेल्या कुणालाही त्यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पाय रुतत नाही तिथे घसरतो, वळता येत नाही, आणि ओला झालेला जुना चामड्याचा चेंडू दगडासारखा जड होतो. त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे बूट आपल्या पायांत आले ते आपल्याच निर्णयाने, फिफाच्या बंदीने नव्हे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली संघ नव्याने घडला आणि चार वर्षांनी मेलबर्नला जो संघ उतरला, तो बूट घालून उतरला. नेव्हिल डिसूझांचे तिन्ही गोल त्या संघातले आहेत. त्यांना अनवाणी ठरवलं की हेलसिंकी ते मेलबर्न हा चार वर्षांचा कष्टाचा प्रवासच पुसला जातो. या अफवेचा मला सगळ्यात मोठा राग येतो तो यासाठी.

आता त्या खेळाडूबद्दल थोडं, कारण अफवेच्या गर्दीत माणूसच हरवतो. नेव्हिल डिसूझा यांचा जन्म १९३२ चा. कुटुंब गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचं, खेळाची कर्मभूमी मुंबई. टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून ते खेळले. त्या काळी चांगल्या फुटबॉलपटूला कंपनी नोकरी द्यायची, तो सकाळ-संध्याकाळ सराव करायचा आणि कूपरेजच्या मैदानावर कंपनीचं नाव राखायचा. त्यांचे भाऊ डेरेक हेही भारताकडून खेळले. नेव्हिल आघाडीच्या फळीत मधोमध खेळत, गोलसमोर.

मेलबर्नला पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती, पण हंगेरीचा संघ आलाच नाही. त्याच महिन्यांत बुडापेस्टमध्ये उठाव झाला होता आणि सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले होते. भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला, ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला त्यांनी दुसरा केला, मध्यंतराआधी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. पन्नासाव्या मिनिटाला तिसरा गोल झाला आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाला परत येता आलं नाही. शेवटी कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला, ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूने केलेली ही पहिली हॅटट्रिक.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा. मध्यंतरापर्यंत गोलशून्य बरोबरी होती. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिल यांनी गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. काही मिनिटांचीच ती आघाडी होती, पुढे आपण ४-१ ने हरलो. पण १०-१ आणि हा सामना शेजारी ठेवून बघा. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० ने हरवलं आणि भारत चौथा आला. स्पर्धेत नेव्हिल यांचे चार गोल झाले, सर्वाधिक गोलांच्या यादीत युगोस्लाव्हियाचे व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह यांच्या बरोबरीने.

इथे दुसरा गैरसमज हमखास येतो, की पुढे चाल मिळाली नसती तर कसले चौथे! पुढे चाल मिळाली ती पहिल्या फेरीत, आणि तिने भारताला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत आणलं. तिथून पुढचं अंतर ४-२ ने कापलं, आणि ज्यांच्याविरुद्ध कापलं त्या ऑस्ट्रेलियाने आधी जपानला २-० ने हरवलेलं होतं. तो विजय नशिबाचा होता असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी आणखी एक आकडा. स्पर्धा संपल्यावर त्याच डिसेंबरात सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया मैत्रीचा सामना झाला आणि भारताने तो ७-१ ने जिंकला.

"एवढा मोठा गोल करणारा होता, तर त्याचे कारकिर्दीतले गोल किती?" असं तरुण मुलं विचारतात. प्रश्न चांगला आहे, पण त्यामागे एक चुकीचं गृहीतक आहे. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजने पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये ३५७ गोल केले, देशासाठी ५७ सामन्यांत ४४. ॲलन शिअररचे प्रीमियर लीगमधले २६० गोल तर मोबाइलवरच्या कुठल्याही मुलाला तोंडपाठ असतात. हे आकडे मिळतात, कारण तिथे १८८८ पासून राष्ट्रीय पातळीवरची लीग आहे. दर आठवड्याला सामना, दर सामन्याची नोंद. भारतात राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ साली. नेव्हिल यांच्या काळात शहराशहरांच्या लीग होत्या, मुंबईची हारवूड लीग ही त्यातलीच, आणि बाकी मोठ्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. रोव्हर्स, ड्युरँड, आयएफए शील्ड. एक पराभव झाला की संघ घरी. अशा रचनेत खेळाडूच्या नावापुढे मोठा आकडा साठत नाही. त्यामुळे ग्रीव्हजचं माप लावून नेव्हिल यांना छोटं ठरवणं चुकीचं आहे. त्यांना मोजायचं तर ऑलिंपिकमधल्या तीन सामन्यांतल्या चार गोलांनी मोजा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फुटबॉल हा फक्त बंगालचा खेळ, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रोव्हर्स कप १८९१ पासून मुंबईत खेळला जायचा आणि १९५८ साली तो मुंबईच्या कॅल्टेक्सने जिंकला. संतोष करंडक मुंबई आणि महाराष्ट्राने मिळून चार वेळा जिंकला आहे: १९५४, १९६३, १९९० आणि १९९९. महाराष्ट्रात फुटबॉल बघायला लोक जमत नाहीत असं वाटत असेल तर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असेल त्या दिवशी जा. सुनील छेत्री हा भारताचा पहिला मोठा स्ट्रायकर, हेही खरं नाही. देशासाठी नव्वदहून अधिक गोल करणारा तो पहिला जरूर आहे, पण १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत दिल्लीत इराणविरुद्ध भारताला सुवर्णपदक मिळवून देणारा एकमेव गोल साहू मेवालाल यांचा होता.

उलट्या बाजूचाही एक गैरसमज आहे आणि तो प्रेमापोटी पसरला आहे. ४-२-४ ही रचना रहीम साहेबांनी शोधली आणि ब्राझीलने आपल्याकडून उचलली, असं २०२४ साली 'मैदान' चित्रपट आल्यापासून जास्त ऐकू येतं. रहीम साहेब काळाच्या बरोबरीने विचार करणारे प्रशिक्षक होते, यात शंका नाही. पण हंगेरीने १९५३ साली वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने हरवलं, तेव्हाच त्या विचाराची ताकद जगाने पाहिली होती. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं आणि मेलबर्नचा चौथा क्रमांक, एवढं ज्यांच्या नावावर आहे, त्यांना उसन्या शोधाची गरज नाही.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये मेलबर्नच्या चौथ्या क्रमांकापुढे भारत आजवर गेलेला नाही. १९६० च्या रोमनंतर तर आपण या स्पर्धेत दिसलेलोच नाही. नेव्हिल डिसूझा १९८० साली गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. त्यांच्याच संघातले पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम यांना तो पहिल्या दोन वर्षांत मिळाला. नेव्हिल डिसूझा यांचं नाव त्या यादीत नाही.

शाळांमधल्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत "भारत १९५० च्या वर्ल्ड कपला का गेला नाही?" हा प्रश्न जरूर ठेवा, फक्त उत्तरातले अनवाणी पाय खोडा. आणि त्याच्याखाली आणखी एक प्रश्न लिहा: ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण?