ताशी १३८ किलोमीटर वेगाचं झाड

१९७९ साली अमेरिकेतल्या मायामीत पोलिसी रडारने एका झाडाचा वेग दाखवला ताशी ८६ मैल, म्हणजे जवळपास १३८ किलोमीटर! एका घराचा २८ मैल. स्थानिक टीव्हीवर हे झळकलं. पुढे तिथल्या न्यायाधीशांनी रडारचा पुरावा नाकारला.

रडार खरं तर परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला फरक मोजतं. २४ गिगाहर्ट्‌झच्या रडारला ताशी एका किलोमीटरमागे सुमारे ४५ हर्ट्‌झ फरक मिळतो. तो समोरच्या गाडीमुळे पडला की पोलिसांच्याच गाडीतल्या पंख्याच्या फिरत्या पात्यांमुळे, हे त्याला कसं कळणार? बिनतारी संचाचा गोंगाटही आत शिरू शकतो. शिवाय झोत शंकूसारखा पसरतो. पुढे छोटी कार आणि मागे भरधाव ट्रक असेल, तर ठळक परावर्तन ट्रकचं आणि दंड कारवाल्याला. हा अन्याय मला सर्वांत जास्त खुपतो. तिरक्या कोनातून मात्र उभ्या गाडीतलं रडार वेग कमीच दाखवतं.

यंत्र नीट मोजतंय का, हे तपासायला नादकाटा लागतो. ठरावीक कंपनांचा काटा रडारपुढे धरला की ठरलेला आकडा यायलाच हवा. पण त्यातून यंत्र ठीक आहे एवढंच कळतं; आकडा कोणत्या गाडीचा, हे अधिकाऱ्याने डोळ्यांनीच पाहायचं असतं.