शून्य राखणारे गोली : नागपूरचे रिचर्ड अ‍ॅलन

मधल्या सुट्टीत खेळ सुरू झाला की पहिलं भांडण कशावरून होतं? "सर, मी गोली नाही राहणार!" शेवटी सगळ्यांत लहान पोराला, नाहीतर ज्याला जोरात पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करतात. आणि गोल झाला की सगळे त्याच्यावरच ओरडतात.

आज अशाच एका गोलीची माहिती घेऊ. रिचर्ड जेम्स अ‍ॅलन यांचा जन्म 4 जून 1902 रोजी नागपूरला झाला. आपल्या भंडाऱ्यापासून नागपूर जेमतेम साठ किलोमीटर. त्या काळी दोन्ही ठिकाणं मध्य प्रांतात होती. अ‍ॅलन यांचं शिक्षण मसुरीच्या ओकग्रोव्ह शाळेत आणि नैनितालच्या सेंट जोसेफ कॉलेजात झालं. पुढे ते कलकत्त्याला पोर्ट कमिशनर्स संघाकडून हॉकी खेळले.

29 ऑगस्टला आपण मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्यांनी 1928, 1932 आणि 1936 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. त्या तिन्ही संघांत असलेला दुसरा खेळाडू एकच, तो म्हणजे अ‍ॅलन. पण शाळेच्या भाषणात त्यांचं नाव कधी ऐकलंय? मी तरी नाही ऐकलं.

1928 ला ॲमस्टरडॅममध्ये भारत पाच सामने खेळला. ऑस्ट्रिया 6-0, बेल्जियम 9-0, डेन्मार्क 5-0, स्वित्झर्लंड 6-0 आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्स 3-0. आपले गोल 29, आपल्यावर एकही नाही! डावीकडचे आकडे कुणी केले ते पुस्तकात मिळतं. उजवीकडची ती पाच शून्यं मात्र कुणाच्याच नावावर लागत नाहीत.

एखादा हुशार मुलगा विचारेल, "सर, आपले फॉरवर्डच एवढे भारी होते, मग गोलीकडे बॉल येतच नसेल ना?" प्रश्न बरोबर आहे. 1932 ला लॉस एंजेलिसमध्ये आपण अमेरिकेला 24-1 ने हरवलं. तो एक गोल झाला तेव्हा अ‍ॅलन गोल सोडून प्रेक्षकांना सह्या देत होते, असा किस्सा सांगतात. पण 1928 चा अंतिम सामना तसा नव्हता. समोर यजमान संघ, ध्यानचंद तापाने फणफणलेले, फिरोज खान जखमी, कर्णधार जयपालसिंग संघात नाहीत. तिथे शून्य राखणं सोपं नव्हतं.

त्यात तेव्हाच्या गोलीच्या पायाला पॅड असायचे, पण तोंडावर जाळी नसायची. बर्फावरच्या हॉकीतही हीच गत. कॅनडाचे गोली जॅक प्लांट यांच्या तोंडावर 1959 मध्ये चकती बसली, टाके पडले, आणि मगच ते मुखवटा घालून परत मैदानात उतरले.

1936 ला बर्लिनच्या स्पर्धेआधी जर्मनीने आपल्याला सराव सामन्यात 4-1 ने हरवलं होतं. 15 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला आपण 8-1 ने हरवलं. गोलमध्ये अ‍ॅलन होते. साऱ्या स्पर्धेत भारतावर झालेला तो एकमेव गोल. तिन्ही ऑलिंपिक मिळून भारताचे गोल 102 आणि भारतावर फक्त 3.

आता गोली नेमकं काय करतो ते मैदानावर करून पाहू. हॉकीचा गोल 3.66 मीटर रुंद असतो. दोन्ही खांबांना एकेक दोरी बांधा आणि त्यांची दुसरी टोकं समोर 8 मीटरवर, बॉल ठेवलाय तिथे, एकत्र धरा. झाला त्रिकोण. गोली रेषेवर उभा राहिला तर त्याला पूर्ण 3.66 मीटर जागा सांभाळावी लागते. तो 4 मीटर पुढे आला की दोन दोऱ्यांमधलं अंतर निम्मं होतं, म्हणजे 1.83 मीटर. दहावीतले समरूप त्रिकोण ते हेच! पण पुढे येऊन चुकला तर मागे सगळा गोल मोकळा. म्हणून किती पुढे यायचं, हे गोलीला डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवावं लागतं.

शनिवारी दोरी घेऊन या. आळीपाळीने सगळ्यांनी गोली व्हायचं, आणि दोऱ्यांमधलं अंतर 6, 4 आणि 2 मीटरवर मोजून वहीत लिहायचं.